बागेचं मागचं गेट

रविवार, ११ फेब्रुवारी. सकाळी सहा पन्नास. बनशंकरी, बंगळूर, आमच्या इमारतीसमोरची बाग.

हजर: मी. बाबा. बागेत फिरणाऱ्यांच्या संघाचे सचिव, बँकेतून निवृत्त. माळी, किल्ल्यांसकट. मागच्या गल्लीतल्या अक्का, चाकाच्या खुर्चीत. खुर्ची ढकलणारी त्यांची सून. सूर्यनमस्काराला नऊ जण. लगोरीला अकरा मुलं, नावं सोळांची होती. गैरहजर: माझा नवरा, घरी, ऑफिसच्या कामामुळे.

हे माझ्या वहीत आहे तसंच उतरवलं आहे. त्याखालची ओळ अशी: ‘मागचं गेट उघडलं, ७.०५.’ तिच्यापुढे बरोबरची खूण केली आहे, आणि ती जरा जास्तच मोठी आली आहे. त्या महिन्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच होतं.

त्यानंतरची ओळ ७.४० ची आहे आणि तिच्यात एकच शब्द आहे, ‘बाबा’.

बाबा नागपूरहून आमच्याकडे राहायला आले त्याला आता दोन वर्षं झाली. आई गेल्यावर ते वर्षभर एकटे राहिले. शेजारी फोन करून सांगायचे की गॅस चालूच होता, दार उघडंच होतं. मग मी जाऊन घर आवरलं, बंद केलं आणि त्यांना घेऊन आले. त्यांची सगळी नोकरी बस डेपोत गेली, वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी किती वाजता सुटली आणि का उशिरा सुटली, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. आता दुपारी जेवलो की नाही हे त्यांना मला विचारावं लागतं. कधी विचारतात, कधी अंदाजाने पुन्हा ताटावर बसतात.

डॉक्टर म्हणाले, चालू द्या. एकट्याने जे जमतंय ते एकट्याने करू द्या, ते सुटलं की परत येत नाही. फक्त जागा ओळखीची हवी आणि बंदिस्त हवी.

बंदिस्त जागा समोरच होती. बागेला चारी बाजूंनी लोखंडी कठडा आणि आत-बाहेर करायला एकच गेट, तेही आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीसमोर. बाबा साडेसहा-पावणेसातला जायचे, तासभर चालायचे, त्याच गेटने परत यायचे. दिवसातला तेवढाच तास त्यांच्याबरोबर कोणी नसायचं. बाकी वेळ मी, नाहीतर नवरा, नाहीतर दुपारी येणारी बाई. सुरुवातीला मी बागेतही त्यांच्याबरोबर एक माणूस पाठवून पाहिला. बाबांनी त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. मला म्हणाले, “मी काय पार्सल आहे? असंच करायचं असेल तर मला नागपूरला नेऊन सोड.” नागपूरला आता सोडायला कोणी नाही, हे त्यांना त्या दिवशी आठवत होतं की नाही मला माहीत नाही. मला माहीत होतं.

तेव्हा तो एक तास राखायचा, असं मी ठरवलं. तो गेला की बाबा घरात बसणार, आणि बसले की संपलं.

आमच्या बागेत एक नियम आहे. गेटजवळ पाटी आहे, कन्नड आणि इंग्रजीत. विषम तारखेला उजवीकडून फिरायचं, सम तारखेला डावीकडून. गुडघ्यांवर एकाच बाजूचा ताण येऊ नये म्हणून, असं सचिव सांगतात. कोणी उलट फिरू लागलं की समोरून येणारे सगळे त्याच्याकडे असे बघतात की दुसऱ्या फेरीला तो आपोआप वळतो. बाबांना हा नियम फार पसंत पडला. निघण्याआधी ते पेपरवरची तारीख बघायचे, बोटाने खूण केल्यासारखं करायचे आणि गेटमधून शिरून योग्य बाजूला वळायचे. मी वरून बघत असायचे. ते बरोबर वळले की तो दिवस बरा. चुकीचे वळले की मी त्यांना दुपारी नुसतं बाईवर सोडायची नाही. गेली दीड वर्षं माझी हीच परीक्षा होती आणि तिच्यावर माझा डॉक्टरांच्या कागदांपेक्षा जास्त भरवसा होता.

एका फेरीला त्यांना सात मिनिटं लागतात. दर सात मिनिटांनी ते गेटसमोरून जाताना मला दिसायचे. मधल्या सात मिनिटांत मी डबे भरायची, पोळ्या लाटायची, मेल वाचायची, पण पाय बाल्कनीकडेच. नवरा म्हणायचा, “तू स्वयंपाक करतेस की पहारा देतेस?” मी म्हणायची, दोन्ही, आणि तू निदान पाण्याच्या बाटल्या भर.

बागेतल्या रविवारच्या कार्यक्रमाचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, आणि थोडं स्वार्थानेही. रविवारी मी खाली बागेतच असले तर बाबांवर नजर राहील आणि त्यांना ती नजर वाटणार नाही. आधी कार्यक्रम म्हणजे मंडपात चार ज्येष्ठ नागरिक भावगीतं म्हणायचे आणि मुलं कंटाळून कठड्यावर चढायची. मी वेळापत्रक केलं. सात ते साडेसात सूर्यनमस्कार. सव्वासातपासून मुलांची लगोरी, एका कोपऱ्यात, कापडी चेंडूने. सचिवांनी आधी हरकत घेतली. “मॅडम, बागेत चेंडू चालत नाही.” मी कापडी चेंडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दाबून पाहिला, वास घेऊन पाहिला, आणि म्हणाले, “कुणाच्या चष्म्याला लागला तर तुमची जबाबदारी.” मी वहीत लिहून त्यांना दाखवलं, जबाबदारी: मी.

कार्यक्रमाची पत्रकं वाटायला मी मागच्या गल्लीत गेले आणि तिथे अक्का भेटल्या.

अक्कांचं घराणं किती पिढ्या इथे आहे ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड आहे आणि उरलेलं माझ्या आजीपेक्षाही जुनं मराठी. मी दारात उभी राहून घाईघाईने कार्यक्रम सांगितला, तर त्या म्हणाल्या, “आत ये की. पुण्याची का तू?” मी म्हटलं, नागपूरची, कॉलेजला पुण्यात. “तेच की. त्या बाजूचे लोक उभ्याउभ्याच बोलतेत.” खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं त्या खुर्चीत होत्या. त्यांच्या खिडकीतून बागेतल्या झाडांचे शेंडे दिसायचे. बाग त्यांच्या घराच्या अगदी पाठीला, मध्ये फक्त कठडा आणि एक गंजलेलं, कुलूप लावलेलं गेट. पुढच्या गेटने यायचं तर मोठ्या रस्त्याला वळसा घालायचा, आणि त्या रस्त्याच्या फुटपाथवर खुर्ची सोडाच, धडधाकट माणूसही सरळ चालू शकत नाही. “तीन वर्षं झाली बागेत जाऊन,” त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात म्हणाल्या असत्या तर मी ऐकून घेऊन निघाले असते. त्या नुसतं सांगत होत्या.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. मागचं गेट सकाळच्या वेळात उघडावं, पायरीवर सिमेंटचा उतार करावा. चौदा सह्या घेतल्या. पहिली अक्कांची, थरथरती आणि कन्नडमध्ये. मग सचिवांना घेऊन पालिकेच्या कार्यालयात दोनदा गेले, एकदा फोटो काढून पाठवले. तीन आठवड्यांत मंजुरी आली. मला अशी कामं आवडतात. एखादी गोष्ट अडकलेली असते, आपण चार फोन करतो, ती सुटते.

गेटचं पान वहीत अजून आहे. गंज, तेल, नवीन कुलूप, किल्ली कोणाकडे, उताराची रुंदी खुर्चीच्या मापाने. भटकी कुत्री आत येतील का. स्कूटरवाले मधून जायला लागतील का, मग मध्ये खांब हवा. गाई. फेरीवाले. गेटमधून आत काय काय येईल याचा मी बारकाईने विचार केला होता. बाहेर कोण जाईल याबद्दल त्या पानावर एकही ओळ नाही.

त्या रविवारी बाबा विषम तारीख म्हणून उजवीकडे वळले. मी पाहिलं आणि निश्चिंत झाले. सात वाजून पाच मिनिटांनी माळ्याने मागचं कुलूप काढलं. अक्कांची खुर्ची उतारावरून आत आली तेव्हा सूर्यनमस्कारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांना ते आवडलं नाही. “टाळ्या कशाला, मी काय पदक आणलंय का? त्या झाडाखाली ने,” त्या सुनेला म्हणाल्या. सुनेने त्यांना गेटजवळच्या करंजाखाली नेलं. मी पाणी हवं का, ऊन लागतंय का, उशी देऊ का विचारत होते. त्या म्हणाल्या, “स्वल्प बस गं. सदा पळतेस. कोण लागलंय तुझ्या मागं?”

मी बसले नाही. लगोरीत भांडण झालं होतं. एका मुलीचं म्हणणं की सात दगड लागले, दुसऱ्या बाजूचं म्हणणं सहाच होते. मी पुन्हा डाव मांडला. कोणाला तरी लागलं, त्याला पट्टी लावली. हजेरी घेतली. हे सगळं झाल्यावर मान वर केली तेव्हा सात चाळीस झाले होते आणि गेली किती मिनिटं बाबा समोरून गेले नव्हते ते मला सांगता येईना.

मी एक फेरी पूर्ण मारली, जवळजवळ धावत, आणि उलट बाजूने. समोरून येणाऱ्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं. बाकं पाहिली, नळ पाहिला, स्वच्छतागृहाचं दार वाजवलं. माळी पाइप गुंडाळत होता. त्याला विचारलं, बाबा दिसले का.

“अज्जा?” तो म्हणाला. “ते गेले. मागच्या गेटने. मला हात केला.”

“तू थांबवलं नाहीस?”

“मॅडम, गेट सगळ्यांसाठी आहे असं तुम्हीच सांगितलं.”

मी सांगितलं होतं. आदल्याच दिवशी, जरा जोरात.

अक्का झाडाखालीच होत्या. मी त्यांच्या समोरून गेटकडे धावले तेव्हा त्यांनी हाक मारली. “ते उंच अण्णा, टोपीवाले? तुझे वडील का ते? मला विचारले, ही वाट कुठं जाते. मी सांगितले, बसस्टॉपला.” मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज खाली गेला. “काय झालं? सांगायचं नव्हतं का?”

त्यांना कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. बाबांच्या विसरण्याबद्दल माळ्याला सांगितलं होतं, सचिवांना, सूर्यनमस्कारवाल्या बाईंना. माझ्या यादीतले सगळे पुढच्या गेटच्या बाजूचे होते.

मी कामं वाटली. सचिव स्कूटरवरून मोठ्या रस्त्याने गेले. अक्कांच्या सुनेने गल्लीतली दुकानं विचारली. मी बसस्टॉपवर गेले. फुलवाली म्हणाली, हो, पांढरी टोपी, आताच्या नाही, त्याच्या आधीच्या बसमध्ये चढले. त्या स्टॉपवरून जाणाऱ्या सगळ्या बस बनशंकरीच्या स्टँडला जातात. मी रिक्षा केली. रिक्षात मी नवऱ्याला फोन केला, बाबांच्या फोनवर केला (तो घरी टेबलावर वाजत असल्याचं नवऱ्याने सांगितलं), आणि मग करायला काही उरलं नाही. सिग्नलला मी गुडघ्यावर बोटं वाजवत होते. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, “सरी, ठीक आहे मॅडम, जातोय की.”

आठ पस्तीसला ते सापडले. स्टँडच्या बाकावर बसले होते, मांडीवर टोपी, पाय सरळ समोर. समोर गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

“तू काहून पळत आली?” ते म्हणाले. “काय झालं वं?”

मी शेजारी बसले. मला दम लागला होता. “बाबा, तुम्ही इथे कसे आलात?”

“बसने.” खिशातून तिकीट काढून त्यांनी मला दाखवलं. “कंडक्टरला म्हटलं, शेवटपर्यंतचं दे. पोरगं चांगलं आहे, पण घंटी फार लवकर मारते. माणूस पायरीवर असते अन् हा घंटी मारते.”

“आणि बाग?”

“तीन फेऱ्या झाल्या. उजवीकडून. विषम आहे ना आज? मग गेट दिसलं उघडं.” त्यांनी समोर बोट दाखवलं. “ती निळी गाडी पाहा. दहा मिनिटांपासून उभी आहे, ड्रायव्हरचा पत्ता नाही. माझ्या डेपोत असता तर मेमो गेला असता.”

त्यांना तारीख माहीत होती. फेऱ्या माहीत होत्या. मी म्हटलं, “परत कसे येणार होतात?”

“जसा आलो तसा.”

“कुठल्या स्टॉपवर उतरणार होतात? आपल्या स्टॉपचं नाव काय?”

ते गाड्यांवरच्या पाट्या वाचायला लागले. सगळ्या कन्नडमध्ये. बराच वेळ वाचत राहिले, ओठ हलत होते. मग म्हणाले, “सीताबर्डीला बदलावी लागते बहुतेक.” सीताबर्डी नागपूरला आहे. माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. लगेच म्हणाले, “तूच सांग ना. कन्नड तुला येते, मला कुठे येते?”

परत येताना ते खिडकीशी बसले आणि मी तिकीट वहीत ठेवलं. का ठेवलं ते माहीत नाही. वहीत ठेवण्यासारखं तेवढंच हाताला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी उपाय सुरू केले. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पत्ता आणि नंबर शिवला. बाबांनी दोऱ्याची गाठ शोधून तो उसवला आणि टेबलावर ठेवला, घडी घालून. नवऱ्याने पाकिटात ठेवायचं एक यंत्र आणलं, ते कुठे आहे ते फोनवर दाखवतं. ते तीन दिवस दाखवत राहिलं की बाबा घरातल्या कपाटात आहेत. मग नवरा त्यांच्यामागे पन्नास पावलांवरून चालू लागला. दुसऱ्या फेरीत बाबा थांबले, वळले आणि त्याला म्हणाले, “जावईबापू, पुढे व्हा. तुमची गाडी माझ्यामुळे लेट होते.” नवरा पुढे झाला. बाबा बाकावर बसले आणि तासभर उठलेच नाहीत.

वेळ बदलून पाहू म्हटलं. अक्कांची सून बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात आहे, कंपनीची बस पावणेआठला कोपऱ्यावर येते. अक्कांना आणायचं, परत नेऊन खाटेवर बसवायचं, आणि मग बस पकडायची, तर गेट पावणेसात ते सव्वासात उघडं हवं. बाबांची वेळ तीच. बाग दहाला बंद होते ती चारला उघडते, सून अंधार पडल्यावरच घरी येते, आणि संध्याकाळी बाबांचं जास्त बिनसतं, तेव्हा त्यांना एकटं सोडायचा प्रश्नच नाही. बाबा आठला जातील? विचारलं. “आठला ऊन असते,” ते म्हणाले, आणि पावणेसातला चपला घालून दारात उभे राहिले. मी वहीत चौकोन आखून पाहिले, आडवे तास, उभी माणसं. ऑफिसात मी अशा चौकोनांतून तीन शहरांतली माणसं एका कामावर बसवते. इथे दोन माणसं आणि एक गेट बसेना. किल्ली माळ्याकडेच राहावी आणि एकदा उघडलेलं गेट मध्येच बंद करू नये, अशी मंजुरीतच अट आहे. माळ्याला बागेभर पाणी घालायचं असतं, त्याला गेटवर उभं करता येत नाही, आणि वेगळा माणूस कार्यालय देणार नाही, असं सचिवांनी विचारून येऊन सांगितलं.

अक्कांनी स्वतःच उपाय काढला. त्यांना त्या रविवारचं लागून राहिलं होतं. “मी बसते गेटापाशी,” त्या म्हणाल्या. “अण्णा आले की बोलत ठेवते. माझ्याशी बोलून सुटलेला माणूस नाही अजून.” पहिले चार दिवस जमलं. बाबा थांबायचे, अक्का त्यांना जुन्या बंगळूरच्या बसबद्दल विचारायच्या, बाबा नागपूरच्या बसबद्दल सांगायचे, दोघांनाही फरक पडत नव्हता. पाचव्या दिवशी बाबांनी टोपी उचलून त्यांना नमस्कार केला, “येतो,” म्हणाले आणि उतारावरून बाहेर गेले. अक्कांनी हाका मारल्या. खुर्चीची चाकं स्वतः फिरवायला गेल्या आणि खुर्ची उतारावर तिरकी झाली. सुनेने आधी खुर्ची धरली, मग बाबांच्या मागे पळाली. कोपऱ्यावर गाठलं. तिची कंपनीची बस त्या दिवशी चुकली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, फक्त म्हणाली, “अक्का पडल्या असत्या.”

मग मी सचिवांकडे गेले. ते मंडपात बसून शूजच्या नाड्या बांधत होते.

“अर्ज द्या, मॅडम,” ते म्हणाले. “तुमच्या अर्जावर उघडलं, तुमच्या अर्जावर बंद होईल. पण त्याच चौदा लोकांच्या सह्या लागतील, नाहीतर कार्यालय म्हणेल, यांचं रोज नवीन काय चाललंय.” मग नाडी सोडून त्यांनी मान वर केली. “अक्कांना विचारलंत?”

मी म्हटलं, विचारते.

अर्ज तयार आहे. मी तो एका बैठकीत लिहिला, अर्ध्या पानाचा. ‘एका ज्येष्ठ नागरिकाच्या सुरक्षिततेसाठी.’ हे वाक्य मी दोनदा बदललं, कारण ज्येष्ठ नागरिक अक्काही आहेत. तेरा सह्या झाल्या. लोकांनी खळखळ केली नाही. एकीने पेन हातात घेऊन विचारलं, “मग त्या खुर्चीवाल्या बाई?” मी म्हटलं, बघू काहीतरी. तिने सही केली. पहिली ओळ मी मोकळी ठेवली आहे, कारण पहिल्या अर्जावर पहिली सही त्यांची होती.

दरम्यान बाबा पावणेसातला बागेत येतात, पण मी बरोबर येते. माझ्याबरोबर ते चालत नाहीत. पुढच्या गेटजवळच्या बाकावर बसतात आणि मला सांगतात, “तू मार तुझ्या फेऱ्या.” तारीख आता ते बघत नाहीत. परवा मी मुद्दाम पेपर पुढे केला, तर तो बाजूला सारून म्हणाले, “काय फरक पडते, बसायचंच आहे ना.” त्यांचे पाय बारीक होत चालले आहेत, ते पायजम्यावरूनही कळतं. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

आणि अक्का रोज येतात. लगोरीचा निवाडा आता त्याच करतात. मुलं सकाळी शाळेच्या आधी पंधरा मिनिटं खेळायला लागली आहेत, आठवडाभर, माझ्या वेळापत्रकात नसताना. अक्का करंजाखालून ओरडतात, “सहाच लागले, मी मोजलेत, खोटं बोलू नको,” आणि मुलं त्यांचं ऐकतात. माझं ऐकत नव्हती. अक्कांच्या गालावर रंग आला आहे. सून म्हणते, रात्री झोपही लागते. हे ती मला खुशीने सांगते आणि मी हो हो म्हणत वहीत काहीतरी लिहिते.

आज मंगळवार. सहा पंचेचाळीसला बाबांना बाकावर बसवलं. सहा पन्नासला अक्कांची खुर्ची उतारावरून आत आली. अर्ज वहीच्या प्लास्टिकच्या खिशात होता, पेन वहीला अडकवलेलं. मी करंजाकडे निघाले. अर्ध्या वाटेत होते तेवढ्यात अक्कांनी हात केला.

“आलीस? अण्णा चालत नाहीत म्हणे आता,” त्या म्हणाल्या. “माळी सांगत होता. माझ्यामुळं का?”

“नाही अक्का.”

“मग कशामुळं?”

मुलं डाव मांडत होती. एक दगड कमी होता, त्यावरून वाद चालला होता. मी म्हटलं, थांबा, दगड बघते, आणि कठड्याकडे गेले. चपटा दगड शोधायला पंधरा मिनिटं लागली, तशी लागायला नको होती. परत आले तर सात दहा झाले होते आणि सून खुर्ची वळवत होती.

आजच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली आहेत. गेल्या सोमवारपासून पुढच्या पानावर जात राहिलेलं एक काम उद्याच्या पानावर पुन्हा लिहिलं आहे, सहा पन्नासच्या समोर: अक्कांची सही.